ग्रीनहाऊससाठी तीन थरांची बबल शीट: हिवाळाभर वापरल्यावर

जुन्या खिडक्यांच्या चौकटी जोडून उभ्या केलेल्या माझ्या ग्रीनहाऊसला आतून लावायला ही शीट घेतली. घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी बेधडक ‘हो’ म्हणेन. मात्र बागकामासाठीचीच घ्या, पॅकिंगची नको. पॅकिंगच्या शीटला ऊन सोसत नाही. ती कडक होते आणि हात लावताच तुकडे पडतात. यूव्हीला टिकणारी ही शीट वसंतात काढून, पुसून, गुंडाळून अंधारात ठेवली की पुढच्या थंडीला पुन्हा कामाला येते.

हिचे फुगे चांगले 25 मिलिमीटरचे आहेत आणि दोन्ही बाजू सपाट. त्यामुळे खाचांत शेवाळ धरत नाही, एका फडक्यात स्वच्छ होते.

खरं काम बसवण्यात आहे. ऊब धरून ठेवते ती फुग्यांत कोंडलेली हवा. काच आणि शीट यांच्यामध्ये बोटभर जागा ठेवून कडा चहूबाजूंनी बंद केल्या, तर तिथली हवाही उपयोगी पडते. पण एक कोपरा जरी उघडा राहिला तरी गार वारा शीटमागून खेळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जोडावर शीट चार बोटं एकमेकींवर चढवा. चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका, दमटपणाने ती सुटते. लाकडाला रुंद डोक्याच्या टाचण्याच उत्तम. दाराला वेगळा तुकडा पडद्यासारखा सोडायचा.

उणीव म्हणाल तर उजेड थोडा कमी होतो, आणि आत दव फार साचतं. पानांवर थेंब टपकत राहिले की करडी बुरशी आलीच. मी दुपारी ऊन असताना झरोका उघडतेच, कितीही थंडी असो.

आणि शीट ऊब राखते, तयार करत नाही. म्हणून आत 200 लिटरचा काळा पिंप पाण्याने भरून ठेवलाय. हे पाणी 10 अंशांनी निवताना साधारण 2.3 युनिट विजेइतकी उष्णता सोडतं! बाहेर पारा 2 अंशांवर असताना आत 5 होते; मिरचीची रोपं तगली, ऑर्किडला मात्र घरातच घ्यावं लागलं.

रोल थोडा रुंद मिळाला असता तर छपरावरचा एक जोड वाचला असता.