काळा कोट, तोही सोलापूरच्या उन्हात

मास्तरांचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. पाटी उन्हानं पुसून गेलीय, पण वकिली कोट म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. माझा हा तिथला तिसरा कोट. इतकी वर्षं मार्च उलटला की कोट कपाटात जायचा, कारण खालच्या कोर्टात उन्हाळ्यात त्याची सक्ती नसते. हायकोर्टात ही सूट नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं आणि सोलापूरची अपिलं तिकडे जातात. म्हणून मे महिन्यात निभेल असा हलका कोट हवा होता.

मास्तरांनी तीन कापडं काढली आणि महागडं आपणच बाजूला सारलं. "हे एसीत बसणाऱ्यांचं, ताई." अर्धंच अस्तर, खांद्याला पातळ कॅनव्हास, काखेत सुती पट्टी. ट्रायलला डावी बाही अर्धा इंच लांब निघाली. "माझीच चूक," म्हणाले आणि समोरच उसवली. कोट मात्र आठ दिवस उशिरा मिळाला. गड्ड्याच्या यात्रेत कारागीर येत नाहीत, हे आधी सांगायला हवं होतं. त्याचा या रिव्ह्यूत एक तारा कापला.

दुकानातल्या बाकावर कायम दोन-तीन वकील असतात आणि विषय एकच, हायकोर्टाच्या जजपदासाठी कुणाचं नाव गेलं. त्या दिवशी आरती साठेंवरून जुंपली होती. पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या, म्हणून विरोधकांनी ओरड केली, तरी जुलै २०२५ च्या अखेरीस कॉलेजियमनं, म्हणजे जज निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळानं, सुचवलेलं नाव ऑगस्टात निघालंसुद्धा. त्याउलट वकील सोमशेखर सुंदरेसन. फेब्रुवारी २०२२ ला शिफारस, मग समाजमाध्यमांवरच्या मतांचं कारण देऊन केंद्रानं नाव परत पाठवलं, जानेवारी २०२३ ला कॉलेजियमनं पुन्हा तेच पाठवलं, नेमणूक नोव्हेंबरात. पावणेदोन वर्षं! प्रवक्तेपण चालतं आणि पोस्ट खटकते, हे मला तरी पटत नाही.

मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "मग जजसाहेबांचं माप घेतं कोण?" मी सांगितलं: हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात, मग राज्य सरकारचं मत, आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर खात्याचा) अहवाल, दिल्लीत सरन्यायाधीश आणि आणखी दोघे, शेवटी केंद्र सरकार आणि राष्ट्रपतींची सही. ही पद्धत बदलायला २०१४ साली कायदा केला होता, तो सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केला.

"एवढ्या हातांतनं कापड गेल्यावर चुरगळणारच की ओ."

कोपऱ्यातले एक सीनियर हसले नाहीत. दर दोन वर्षांनी त्यांचं नाव 'गेलंय' असं ऐकू येतं. ते उठून गेल्यावर मास्तरांनी त्यांचा कोट उलटा करून दाखवला. शिवणीत चांगली दोन इंच माया सोडलेली.

"नाव निघेस्तोवर पोट थांबतंय होय?"