बदकांच्या शिकारीची मेंबरशिप: ४,५०० डॉलरमध्ये नेमकं काय विकलं गेलं

उत्तर कॅलिफोर्नियातल्या भातखाचरातल्या एका ब्लाइंडसाठी, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायच्या जागेसाठी, चार जणांनी जुलैमध्ये प्रत्येकी ४,५०० डॉलर भरले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फाटकाचं कुलूप बदललं गेलं. तोवर चौघांच्या मिळून अकरा सकाळी पदरात पडल्या होत्या. भागाकार केला तर एका माणसाची एक सकाळ १,६३६ डॉलरला पडली, पेट्रोल आणि काडतुसं वेगळी.

चौघेही मराठी, बे एरियात आणि फॉलसमला नोकरीला. यातला एकही जण गावाकडे सातबारा न बघता गुंठाभर जमीन घेणार नाही. इथे मात्र कागद मागायचं कुणाला सुचलं नाही, कारण आपण जमीन नाही, ‘मेंबरशिप’ घेतोय असं वाटलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली. त्यामुळे शिकारीच्या हक्काचा सौदा कसा होतो, याचं घरातून आलेलं शहाणपण आपल्याकडे नसतं. विकणाऱ्याला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सॅक्रामेंटो खोऱ्यात, म्हणजे कलुसा, ग्लेन, ब्यूट, सटर या काउंट्यांमध्ये, साधारण वर्षी पाचेक लाख एकर भात असतो. पूर्वी कापणीनंतर पेंढा शेतातच जाळायचे. १९९१ च्या कायद्याने ते जाळणं टप्प्याटप्प्याने आवळत आणलं. तेव्हापासून बरेच शेतकरी कापलेल्या खाचरात पाणी सोडून पेंढा कुजवतात. त्या वीतभर पाण्यात सांडलेला दाणा खायला अलास्का-कॅनडाकडून उतरलेली बदकं येतात. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते बदकांचे नाहीत, जमिनीचेही नाहीत. ठरलेल्या तारखेला तिथे पाणी असेल आणि त्या पाण्याशेजारच्या खड्ड्यात बसायला तुम्हाला जागा मिळेल, याचे मोजता. पाणी, तारीख, जागा. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्या चौघांच्या कागदावर नव्हती. कागद म्हणजे तरी काय, अर्ध्या पानाची पावती आणि खाली ‘नॉन-रिफंडेबल’.

जमिनीवर तीन थर असतात. मूळ मालक कुठेतरी शहरात. भात कसणारा वेगळा, खंडाने घेतलेला. शिकारीचा हक्क मालक अनेकदा स्वतःकडे राखतो आणि तो तिसऱ्याच माणसाला वर्षाच्या बोलीने देतो. हा तिसरा माणूस, आपल्या भाषेत पोटकूळच, पुढे आठ-दहा जणांना जागा विकतो. मूळ करारात ‘पुढे कुणाला देता येणार नाही’ असं कलम असलं, तर तुमची मेंबरशिप पहिल्या दिवसापासून फुकट गेली. या प्रकरणात कलम नव्हतं, वाट वेगळी होती. विकणाऱ्याने मालकाला अर्धीच रक्कम दिली होती, उरलेली डिसेंबरला द्यायची होती. या चौघांसह सगळ्यांचे पैसे जुलैमध्येच पूर्ण घेतलेले. डिसेंबर आला, हप्ता गेला नाही, मालकाने कुलूप बदललं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलं नाही.

हे टाळायला अर्धा तास पुरतो. जमिनीचा पार्सल नंबर (आपल्या गट नंबरासारखा) मागायचा आणि तो काउंटी असेसरच्या, म्हणजे जमिनीच्या कराची नोंद ठेवणाऱ्याच्या, कार्यालयात तपासून मालक कोण ते बघायचं. मग मालकाचा किंवा शेतकऱ्याचा फोन स्वतः शोधून लावायचा. विकणाऱ्याने दिलेल्या नंबरवर ‘मालक’ म्हणून त्याचा मेहुणाही बोलू शकतो. दोनच प्रश्न: यंदाचा शिकारीचा करार कोणाशी आहे, आणि पैसे पूर्ण पोचलेत का. सौदा खरा असेल तर मूळ करार दाखवायला कुणी कुरकुर करत नाही. आकडा झाकून दाखवला तरी चालेल, पण मुदत, सह्या आणि पुढे देण्याचं कलम उघडं हवं.

आता किमतीकडे. विकणाऱ्याचं गणित असं होतं: मोसम पंधरा आठवड्यांचा, आठवड्याला बुधवार, शनिवार, रविवार अशा तीन सकाळी, म्हणजे ४५. ४,५०० भागिले ४५, एका सकाळीला फक्त १०० डॉलर! ऐकायला झकास. पक्ष्यांना उसंत मिळावी म्हणून बरेच खासगी क्लब हेच तीन वार पाळतात, त्यामुळे त्यात खोटं काही नाही. खोट आहे ती भाजकात. ब्लाइंडमध्ये जागा तीन, मेंबर आठ. मोसम ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या शनिवारी उघडतो, तेव्हा उशिरा पेरलेलं भात कधी कधी उभंच असतं, आणि कापणी झाली तरी पाणी भरायला दिवस लागतात. पहिले तीन आठवडे कोरडे धरा. उरले बारा. नोकरदाराला बुधवार जमत नाही, तोही काढा. बारा आठवडे, दोन सकाळी, तीन जागा: ७२. भागिले आठ, माणशी नऊ. ४,५०० भागिले नऊ म्हणजे ५०० डॉलर. त्याच खोऱ्यात गाइडबरोबर एक सकाळ, डिकॉय (पक्ष्यांना भुलवायची खोटी बदकं) आणि ब्लाइंडसकट, साधारण अडीचशे ते चारशेत होते.

तेव्हा उलटा हिशेब करायचा. आपल्याला खरोखर किती सकाळी मिळतील ते काढायचं, त्या संख्येला २५०-३०० ने गुणायचं, आणि त्यातून वरखर्च वजा करायचा. वरच्या उदाहरणात नऊ गुणिले ३०० म्हणजे २,७००. त्यातून पाण्याचा वाटा, डिकॉय, फाटकापासून ब्लाइंडपर्यंत चिखलातून न्यायची छोटी गाडी (एटीव्ही), असे पाच-सहाशे गेले की एकवीस-बावीसशेच्या वर बोली लावायचं कारण उरत नाही. बुधवारीही जाता येणारा निवृत्त माणूस थोडं जास्त देऊ शकतो. दोन लहान मुलं असलेल्याने नऊही धरू नयेत.

आणि आठ मेंबर हा आकडाही विकणाऱ्याच्या तोंडचाच. या ब्लाइंडला प्रत्यक्षात तेरा जण निघाले. कोणत्या दिवशी कोण बसणार याची सोडत होते की आधी येईल त्याला, हे लिहून नसेल तर मेंबर किती हे कळायला मार्गच राहत नाही. प्रत्येकाला वाटतं आपलाच नंबर हुकला. म्हणून मेंबरांची यादी नावानिशी करारात जोडून घ्यावी आणि पाहुणे आणायचे नियमही लिहून घ्यावेत. पाहुणा म्हणजे शनिवारची एक जागा गेली.

जाहिरातीतले फोटो जरा नीट बघण्यासारखे होते. मजकूर होता, ‘विलोजच्या पश्चिमेला, मागच्या मोसमाचा पहिला दिवस’. फोटोत ओळीने मांडलेली बदकं आणि मागे, क्षितिजावर मोठेच्या मोठे, सटर बट्स. सपाट खोऱ्याच्या मधोमध उठलेला हा डोंगरांचा एकच पुंजका, तो विलोजपासून आग्नेयेला लांब आहे. तिथून तो दिसलाच तर बारीक, निळसर. एवढा मोठा दिसतो तो लाइव्ह ओक, ग्रिडली किंवा कलुसाच्या बाजूने. म्हणजे फोटो दुसऱ्याच शेतातला. दुसरी खूण पिसांची. ओळीत तीन शॉव्हलर नर होते, हिरवं डोकं, पांढरी छाती, तांबूस कूस, सगळं लखलखीत. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येतो तोच हा थापट्या. ऑक्टोबरमध्ये या नराचा अंगरखा अजून मातकट असतो. पूर्ण रंग चढायला डिसेंबर उजाडतो. पहिल्या दिवसाच्या फोटोत तो नटलेला असेल तर तो फोटो पहिल्या दिवसाचा नव्हे. शिवाय पक्षी मोजा आणि माणसं मोजा. दिवसाला माणशी सात बदकांची मर्यादा आहे, काही जातींना त्याहून कमी. तीन माणसांपुढे तीस बदकं मांडलेली दिसली तर एकतर उरलेली माणसं चौकटीबाहेर आहेत, नाहीतर क्लबवर वन्यजीव खात्याच्या वॉर्डनची धाड पडायची आहे.

‘रेफ्यूजला लागून’ या दोन शब्दांचे लोक हजारभर डॉलर जास्त देतात. सॅक्रामेंटो, डेलेव्हन, कलुसा या पक्ष्यांच्या सरकारी आश्रयस्थानांशेजारी (यांनाच रेफ्यूज म्हणतात) बदकं असतात हे खरंच. पण बंदुकीच्या आवाजाने शहाणी झालेली बदकं दिवसभर तिथल्या बंद भागात पडून राहतात आणि अंधार पडल्यावर भातात चरायला बाहेर येतात. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. रात्रभर तुमच्या खाचरात मेजवानी आणि सकाळी चिखलावर नुसत्या पावलांच्या खुणा, असं होतं. वादळ आलं, उत्तरेचा वारा सुटला, की चित्र पालटतं. पण त्या दिवशी नेमकी जागा आपली असायला हवी. या सरकारी जागांच्या आणि ग्रे लॉज या राज्याच्या वन्यजीव क्षेत्रातल्या शिकारीच्या दिवसांचे आकडे, किती माणसं आली आणि सरासरी किती पक्षी मिळाले, राज्याचा मासे व वन्यजीव विभाग जाहीर करतो. विकणारा ‘सरासरी सहा’ म्हणाला आणि शेजारच्या रेफ्यूजचा आकडा दोन असला, तर कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा. तिथे सोडतीत नंबर लागला तर दिवसाचा पास क्लबच्या मानाने अगदीच किरकोळ रकमेत मिळतो, हेही जाता जाता.

ब्लाइंड पावसाळ्यापूर्वी उघडून बघावा. खाचरातला ब्लाइंड म्हणजे बांधात पुरलेली लोखंडी किंवा फायबरची टाकी, आत बाक, वर पेंढ्याचं झाकण. जुलैमध्ये कोरड्या शेतात ती छान दिसते. भोवती पाणी भरलं की सांध्यातून आत झिरपतं. पंप नसेल तर पहाटे साडेचारला बादलीने उपसत बसायचं. उपसून हलकी झालेली टाकी खाली नीट जखडलेली नसेल तर ओल्या मातीतून बूच वर यावं तशी उचलली जाते. या चौघांची टाकी नोव्हेंबरच्या शेवटी एका कोपऱ्याने फूटभर वर आली. चकचकीत कडा उघडी पडली, पक्षी लांबूनच वळायला लागले. दुरुस्ती कोणाची? कागदावर नव्हतं. आत उतरून भिंतीवर गंजाची रेघ शोधायची: पाणी गेल्या वर्षी कुठवर चढलं होतं ते ती सांगते.

पाण्याचं कलम सगळ्यात आधी वाचावं. २०२२ च्या दुष्काळात सॅक्रामेंटो खोऱ्यातला जवळपास निम्मा भात पेरलाच गेला नाही. भात नाही तर पेंढा नाही, पेंढा नाही तर पाणी सोडायचं कारण नाही. करारात ‘अमुक तारखेपर्यंत पाणी, किमान सहा इंच, न आल्यास आठवड्याला इतके परत’ असं नसेल तर दुष्काळाची जोखीम पूर्ण तुमच्या डोक्यावर. उलट पाणी फार खोल असलं तरी उपयोग नाही, फूटभराच्या वर गेलं की मॅलार्ड-पिनटेल जातीच्या बदकांची चोच तळाला पोचत नाही.

‘इक्विटी मेंबरशिप’ हा शब्द कुणी वापरला तर विचारायचं: नाव डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, चढणार, की कंपनीचा हिस्सा मिळणार? कंपनी असेल तर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्यातल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, नोंदीत ती चालू आहे का, हे फुकटात बघता येतं. दोन्ही नसेल तर ती इक्विटी नव्हे, डोनेशन भरून घेतलेली वार्षिक फी आहे. आणि खरी इक्विटी असेल तर खर्चही खरे असतात. सुसून मार्श या खाडीकाठच्या दलदलीतल्या क्लबांना भरती-ओहोटीचं पाणी धरायला बांध आणि झडपा सांभाळाव्या लागतात. बांध फुटला की प्रत्येक हिस्सेदाराकडे बिल येतं.

विकणाऱ्याने आणखी एक थाप मारली होती: ‘लायसन्सचं आम्ही बघतो.’ शिकारीचा परवाना, त्यासाठी हंटर एज्युकेशन, राज्याचं बदकांचं व्हॅलिडेशन (परवान्याला जोडायची वेगळी मंजुरी), २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, हे सगळं ज्याचं त्याने काढायचं. काडतुसात शिसं चालत नाही, १९९१ पासून देशभर. आणि एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक हातात धरणंच फेडरल कायद्याने मना आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवाना हाती येण्याआधी क्लबच्या ‘सरावाला’ जाऊन उधारीची बंदूक उचलली तर प्रकरण पैशांपुरतं राहत नाही. व्हिसावर असाल तर वकिलाला आधी विचारा, विकणाऱ्याला नंतर.

पैसे झेल (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने गेले होते. आपण स्वतः पाठवलेली रक्कम बँक सहसा परत आणून देत नाही. चेकने द्यावेत, दोन हप्त्यांत: निम्मे सही करताना, निम्मे खाचरात पाणी उभं राहिल्यावर. हप्त्याला नकार देणारा माणूस बहुधा तुमच्याच पैशांतून मालकाचा पहिला हप्ता भरणार असतो.

वसुलीसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, आहे. २०२४ पासून एका व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, वकील लागत नाही. चौघांनी वेगवेगळे दावे लावायचे ठरवलं, मागणीचं पत्र लिहिलं, मेसेजेसचे स्क्रीनशॉट छापले. अडलं ते समन्स बजावण्यापाशी. समन्स पत्त्यावर जातं, आणि चौघांकडे मिळून होतं ते एक पहिलं नाव, एक बंद झालेला मोबाइल नंबर, आणि जुलैमध्ये फाटकापाशी काढलेला एक फोटो, ज्यात त्याच्या पिकअपची नंबर प्लेट नेमकी एकाच्या गुडघ्यामागे गेली होती.