परभणीच्या घरातला मिनी पीसी: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या पाडव्याला आम्ही टीव्हीखाली ठेवण्यासाठी एक मिनी पीसी घेतला. तळहातावर मावेल एवढा हा डबा आहे आणि त्यात इंटेलचा एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. घरच्या संग्रहातील चित्रफिती आणि ध्वनिफिती टीव्हीवर लावणे, एवढ्या एकाच कामासाठी तो घेतला होता. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्याने आमच्या घरी काढला आहे, त्यामुळे आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

हा संग्रह कशाचा, ते आधी सांगायला हवे, कारण यंत्राची निवड त्यावरूनच झाली. आमचे अण्णा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरीला होते. बदली होईल त्या गावच्या हरिनाम सप्ताहाला ते टेपरेकॉर्डर घेऊन जात आणि कीर्तने ध्वनिमुद्रित करून आणत. अशा चौसष्ट कॅसेट, ताईच्या लग्नाची आणि घरातल्या इतर कार्यांची मिळून अकरा व्हीएचएस आणि पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या काही व्हीसीडी, एवढा ऐवज घरात होता. नांदेडच्या एका स्टुडिओतून हे सगळे संगणकावर उतरवून घेतले आणि २ टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये भरले.

ती डिस्क थेट टीव्हीला लावून पाहिली तेव्हा पहिली अडचण आली. आमच्या टीव्हीला फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलीच डिस्क वाचता येत होती आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. तीन तासांच्या व्हीएचएसची डीव्हीडीच्या दर्जाची फाइल मात्र सुमारे ८ जीबीची होते. फाइलींचे तुकडे करून पाहिले, तर काहींचे चित्र दिसे पण आवाज येत नसे, आणि काही फाइली टीव्ही उघडतच नसे. जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडला तेव्हा सगळे चालले, परंतु त्याच्या पंख्याची घरघर कीर्तनाच्या आवाजात मिसळू लागली आणि वीज खाण्याच्या बाबतीतही तो टीव्हीच्या बरोबरीचा निघाला.

एन१०० हा प्रोसेसर इंटेलने जानेवारी २०२३ मध्ये आणला. त्यात चार कोअर आहेत आणि कंपनीने त्याची ऊर्जामर्यादा ६ वॅट अशी दिलेली आहे. हा आकडा केवळ प्रोसेसरचा असतो, संपूर्ण डब्याचा नव्हे, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. मी भिंतीवरच्या प्लगमध्ये मीटर लावून मोजले तेव्हा नुसता चालू असताना डबा ७ वॅटच्या आसपास आणि हार्ड डिस्कवरची चित्रफीत चालू असताना ९ ते ११ वॅट घेत होता. जुना डेस्कटॉप त्याच कामाला ७५ वॅट घेत असे. दिवसाला पाच तासांच्या हिशेबाने डब्याला महिन्याकाठी दीड युनिट लागते, तर डेस्कटॉपला सव्वाअकरा युनिट लागत होते. बिलातली ही बचत फार मोठी नाही, परंतु वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही, एक पंखा आणि हा डबा निश्चिंतपणे चालतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात त्याला किती महत्त्व आहे हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

कमी विजेत हे काम होते, याचे कारण या प्रोसेसरमध्ये चित्रफिती उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा बसवलेली आहे. एच.२६४, १० बिटची एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे चित्रफिती दाबून साठवण्याचे चारही प्रकार ती स्वतःच हाताळते, त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर भार येत नाही. रास्पबेरी पाय या एकाच सर्किट बोर्डवरच्या छोट्या संगणकाचाही विचार केला होता. परंतु त्याच्या पाय ४ या मॉडेलमध्ये एव्ही१ साठी अशी यंत्रणा नाही, आणि पाय ५ मध्ये तर एच.२६४ साठीही ती काढून टाकलेली आहे. शिवाय केस, अडॅप्टर आणि कार्ड वेगळे घेतल्यावर किमतीतही फारसा फरक उरत नव्हता.

डब्यात विंडोज आधीपासून होते, ते मी काढले आणि लिब्रेएलेक टाकले. कोडी हा माध्यम-प्लेयर चालवण्यापुरतीच ही छोटी लिनक्स प्रणाली असून २०१६ मध्ये ती ओपनएलेकपासून वेगळी झाली. कोडीचा इतिहास त्याहून जुना आहे. २००२ च्या सुमारास एक्सबॉक्ससाठी सुरू झालेल्या या प्रकल्पाला २०१४ मध्ये आजचे नाव मिळाले. लिब्रेएलेकच्या संकेतस्थळावरून जेनेरिक या नावाची फाइल घ्यायची, ती पेनड्राइव्हवर लिहायची, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट ही अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय बंद करायची आणि पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे, एवढेच काम असते आणि ते अर्ध्या तासात होते. इन्स्टॉल करताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून हार्ड डिस्क त्या वेळी काढून ठेवावी. पहिल्यांदा सुरू झाल्यावर सांबा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची सोय, चालू ठेवायची का असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा. त्यानंतर लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे थेट डब्यात फाइली टाकता येतात आणि सारखी डिस्क काढण्या-घालण्याची गरज उरत नाही. वायफायची चिप प्रत्येक डब्यात निराळी असते आणि सगळ्या चिप लिनक्सवर सारख्या चालत नाहीत, म्हणून मी केबल ओढून घेतली.

माझा खरा वेळ गेला तो जुन्या चित्रफितींमध्ये. ताईचे लग्न १९९८ चे आहे. व्हीएचएसचे चित्र एकाआड एक रेषांच्या दोन भागांत नोंदलेले असते. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे असे ५० भाग येतात. जुन्या पेटीच्या टीव्हीवर ते भाग आपोआप नीट दिसत, परंतु आजच्या टीव्हीवर दोन्ही भाग एकाच वेळी दाखवले गेले, की हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. सप्तपदीच्या वेळी ताईच्या शालूच्या काठाला आणि मांडवात धावणाऱ्या पोरांना या रेघा इतक्या यायच्या, की मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे ओळखणे अवघड होई. चित्रफीत चालू असताना कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेसची, म्हणजे हे दोन भाग नीट जुळवून घेण्याची, पद्धत निवडता येते. तेथे व्हीएएपीआयची (प्रोसेसरमधल्या त्या वेगळ्या यंत्रणेकडून काम करून घेणारी) मोशन कॉम्पेन्सेटेड, म्हणजे हालचालीचा अंदाज घेणारी, पद्धत निवडली आणि तीच कायमसाठी लागू केली. त्याच जोडीला प्लेयरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा, चित्रफितीप्रमाणे बदलण्याची सोय चालू केली, त्यामुळे २५ चित्रांची फीत लागताच टीव्ही ६० ऐवजी ५० हर्ट्झवर जातो आणि कॅमेरा फिरतानाचे बारीक हिसके थांबतात. त्या रात्री अण्णा टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "आता वळखू येऊ लालेत मान्सं." मागच्या ओळीत फेटा बांधून उभे असलेले त्यांचे थोरले बंधू, जे आज हयात नाहीत, ते अण्णांना स्पष्ट दिसत होते. या एका कारणासाठीसुद्धा मी या यंत्राला पूर्ण गुण देईन.

कीर्तनांच्या बाबतीत मात्र कोडीने थोडी निराशा केली. चित्रफीत जिथे थांबवली तिथून पुढे सुरू करण्याची सोय त्यात आहे, पण संगीताच्या फाइलींना ती मिळत नाही. दीड तासाचे कीर्तन मध्येच थांबवून अण्णा जेवायला उठले, की पुन्हा पहिल्या अभंगापासून सुरुवात होई. शेवटी मी प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजू वेगळ्या फाइली म्हणून ठेवल्या, म्हणजे सी-९० कॅसेटच्या पंचेचाळीस मिनिटांच्या दोन फाइली. त्यांना अण्णांनी लेबलवर पेनाने लिहिलेलीच नावे दिली, गाव, साल आणि बाजू. अण्णांना सगळे बाजूनिशी पाठ आहे, त्यामुळे गंगाखेडच्या सप्ताहातले काल्याचे कीर्तन कोणत्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे, हे ते न पाहता सांगतात आणि लावतात.

रिमोटचा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने आधीच विचारात घ्यावा. टीव्हीच्याच रिमोटने जोडलेले यंत्र चालवण्याची जी एचडीएमआय-सीईसी नावाची सोय असते, ती रास्पबेरी पायमध्ये आहे, परंतु इंटेलच्या बहुतेक मिनी पीसींमध्ये नसते. त्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण तो आपल्या भागात सहज मिळत नाही आणि डब्याच्या किमतीच्या मानाने महाग पडतो. मी यूएसबी रिसीव्हर असलेला साधा बिनतारी रिमोट घेतला आणि त्याची बाण, ओके, मागे आणि आवाज एवढी बटणे सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली. माझ्या मोबाइलवर कोडीचे कोरे हे अधिकृत ॲप आहे आणि ते उत्तम चालते, परंतु अण्णांना हातात धरायला बटणांचा रिमोटच लागतो.

वीज जाण्या-येण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे हे यंत्र टिकणे-न टिकणे त्यावरच ठरते. सुरुवातीला वीज गेली की टीव्ही क्षणभर मिचकावून चालू राही, पण डबा बंद पडे. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि ईको असे दोन पर्याय असलेले एक बटण असते आणि आमच्याकडे ते ईकोवर होते. त्या पर्यायात बॅटरीवर जायला किंचित जास्त वेळ लागतो. बटण यूपीएसवर केल्यापासून डबा एकदाही बंद पडलेला नाही. दाबाचे चढउतार होतात तिथे यूपीएसच्या पर्यायात इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो, हा त्याचा तोटा आहे आणि तो मी पत्करला. बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशीही एक नोंद असते, ती चालू करून ठेवली. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या एका फाइलीत बंद असते, त्यामुळे अचानक वीज गेल्याने ती बिघडण्याची शक्यता कमी असते. हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली तर मात्र नुकसान होऊ शकते, म्हणून फाइली चढवण्याचे काम मी वीज स्थिर असेल तेव्हाच करतो.

उष्णतेची मला सर्वांत अधिक धास्ती होती. परभणीचा पारा मे महिन्यात ४२-४३ अंशांवर जातो आणि आमच्या बैठकीच्या खोलीत कूलर आहे, एसी नाही. कोडीच्या सिस्टिम माहितीच्या पानावर प्रोसेसरचे तापमान दिसते. जानेवारीच्या थंडीत ते ४५ अंशांच्या आसपास असे, तर मेमध्ये दुपारी चित्रफीत चालू असताना ७२ पर्यंत गेले. एवढ्याने यंत्र मंदावले नाही. मात्र कूलरच्या वाऱ्याबरोबर येणारी धूळ त्याच्या छोट्या पंख्यात बसते आणि पंखा कुरकुरू लागतो, म्हणून दर दोन महिन्यांनी खालचे चार स्क्रू काढून मऊ ब्रशने ती साफ करावी लागते. टीव्हीच्या कपाटात मागच्या बाजूला डबा कोंबून ठेवू नये. आमचा डबा चार रबरी बुडांवर, भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवलेला आहे.

तक्रार आहे ती विक्रीपश्चात सेवेची. आठव्या महिन्यात अडॅप्टरची पिन सैल झाली. परभणीत या कंपनीचे सेवा केंद्र नाही. विक्रेत्याने अडॅप्टर पुण्याला कुरिअरने मागवला, त्याचा खर्च आमच्यावर टाकला आणि नवा अडॅप्टर यायला सोळा दिवस लागले. तोपर्यंत स्थानिक दुरुस्तीच्या दुकानातून तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन काम भागवले. खरेदी करताना अडॅप्टर साध्या गोल पिनेचा आहे ना, हे अवश्य पाहावे. तसला आपल्याकडे कुठेही मिळतो.

ज्यांच्या घरी ओटीटीवरचेच पाहिले जाते, त्यांना मी हे यंत्र सुचवणार नाही. या सेवांना उच्च दर्जाचे चित्र पाठवण्यासाठी प्रमाणित उपकरण लागते. लिनक्सवर चालणाऱ्या अशा डब्याला ते प्रमाणपत्र नसल्याने बऱ्याच ठिकाणी कमी दर्जाचे चित्र मिळते. कोडीत यूट्यूब चालवायचे तरी आपली स्वतःची एपीआय की, म्हणजे यूट्यूबची सेवा वापरण्याचा खासगी संकेत, तयार करून भरावी लागते. आमच्या घरी मुले मालिका आणि सामने टीव्हीच्याच ॲपवर पाहतात आणि त्यात काही गैरसोय नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा जपलेला संग्रह आहे, नेट अधूनमधून रुसते आणि वीज जाते, त्यांना मात्र याच्याइतके उपयोगी दुसरे काही मला आढळले नाही.

हा संग्रह एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे धोक्याचे आहे, हे मला उशिरा उमगले. दिवाळीत ताई आली तेव्हा तिच्यासाठी दुसरी २ टीबीची डिस्क घेतली, रात्रभर लॅपटॉपला लावून सगळे उतरवले आणि भाऊबीजेला तिच्या हाती दिली. आता नवी कॅसेट उतरवली, की तिची फाइल दोन्हीकडे जाते.