दिवसा झोपणाऱ्यांची खाट: कोल्हापूरजवळच्या एका चालक विश्रामगृहाचा अनुभव

पुणे–बेंगळुरू महामार्गावर उचगाव मागे टाकून कागलच्या दिशेने निघाले, की गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीपुढे सेवा रस्त्याला लागून मालट्रकच्या चालकांसाठी एक खासगी विश्रामगृह आहे. गेल्या पाच महिन्यांत मी तेथे वीसेक वेळा झोपलो. काही दोष दुरुस्त करण्याचे मालकांनी कबूल केले असल्यामुळे तूर्त जागेचे नाव लिहीत नाही. मात्र चालकांसाठीची विश्रांतीची जागा कशी पारखावी, याविषयी या वीस मुक्कामांत माझे जे मत बनले ते आणि या जागेचे गुणदोष येथे नोंदवतो.

माझी स्वतःची दहाचाकी गाडी आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधले कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, रात्रीत पुण्याजवळच्या चाकणला पोहोचवायचे आणि दुसऱ्या रात्री तिकडून मिळेल ते भाडे घेऊन परतायचे, असा माझा क्रम आहे. परतीच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास कोल्हापूर येते, कारखान्याचे फाटक उघडून गाडी खाली होईपर्यंत दहा वाजतात आणि संध्याकाळी सातला गाडी पुन्हा भरायला लावायची असते. म्हणजे इतरांची कामाची वेळ सुरू होते तेव्हा माझी रात्र सुरू होते, सकाळी साडेदहाला, आणि संध्याकाळी सहाला ती संपते. विश्रामगृहाबद्दलचे माझे सारे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

माझे घर या जागेपासून दहा-बारा किलोमीटरवर, शहरातल्या एका पेठेत आहे. साहजिकच पहिल्या आठवड्यात पत्नीने विचारले, "अहो, स्वतःचं घर सोडून पैसे मोजून परक्याच्या खाटेवर झोपायला जाता, लोक काय म्हणतील?" प्रश्न रास्त होता. परंतु पेठेतल्या घरात सकाळी अकरा वाजता कुकर असतो, भंगारवाल्याचा कर्णा असतो, शेजाऱ्याच्या वरच्या मजल्याचे बांधकाम असते, आणि "झोपलेत होय? असू दे, उठवू नका" असे सबंध बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणारे पाहुणेही असतात. शिवाय दहाचाकी गाडी त्या बोळात शिरत नाही. ती दूर कोठेतरी उभी करावी लागते आणि अर्धे मन तिच्या ताडपत्रीपाशी राहते. घरी मला मोजून चार तास झोप लागत असे. हे वर्षानुवर्षे चालत आले होते, त्यामुळे त्यात काही बिघडले आहे असे मला वाटतही नव्हते.

बिघडले आहे हे कळले ते गेल्या फेब्रुवारीतल्या एका पहाटे. आदल्या दिवशी चाकणला गाडी उशिरा खाली झाली आणि दोन तासांची झोप मोडून मी सकाळी अकराला उठलो होतो. खंबाटकीचा घाट चढताना झोपेचा मागमूस नव्हता; घाटात कोणी सहसा पेंगत नाही, हातपाय गुंतलेले असतात. झापड येते ती कराड सोडल्यावर, सरळ आणि सपाट रस्त्यावर. साडेचारच्या सुमारास किणीच्या टोलनाक्याचे दिवे दिसू लागले आणि मला जाणवले, की पेठ नाका कधी मागे गेला ते आपल्याला आठवत नाही. डोळे मिटल्याचे आठवत नव्हते, गाडी सरळच होती, शेजारी किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, घोरत होता. सतरा तास सलग जागा राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे संशोधकांनी १९९७ मध्येच मोजून दाखवले आहे, आणि आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दारूच्या थेंबाला न शिवलेला मी त्या पहाटे त्या मर्यादेच्या पलीकडे होतो. भरलेली गाडी ताशी ७० किलोमीटर वेगाने जात असताना चार सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ७८ मीटर अंतर होते.

विश्रामगृहात दोन दालने असून प्रत्येकात चौदा लोखंडी खाटा आहेत. गादी कापसाची आणि बऱ्यापैकी कडक आहे; दिवसभर आसनावर बसून आखडलेल्या कमरेला ती मानवते. चादर दर माणसागणिक बदलली जाते, हे मी मुद्दाम पाहून घेतले आहे. आठ तासांचे दीडशे रुपये आणि बारा तासांचे दोनशे रुपये, त्यात गरम पाण्याची आंघोळ आणि गाडी उभी करण्याची जागा आली. ढाब्यावरची बाज जेवणाबरोबर फुकट मिळते हे खरे, पण ती उघड्यावर असते, आणि माशा तोंडावर बसत असताना घेतलेल्या झोपेला मी विश्रांती म्हणत नाही. उरली गाडीची केबिन. एप्रिलमध्ये अकरा वाजता केबिनचा पत्रा तापला, की आत थांबवत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु माझी गाडी जुनी आहे, आणि नव्या गाडीतही थंडाव्यासाठी आठ तास इंजिन चालू ठेवून डिझेल जाळणे कोणत्या मालकाला परवडेल, हा प्रश्न राहतोच.

आता उजेडाविषयी. पूर्वेकडच्या भिंतीला चार खिडक्या आहेत आणि सुरुवातीला त्यांना फिकट पिवळे, पातळ पडदे होते. रात्री मुक्कामाला येणाऱ्याला त्यांत काही खटकणार नाही. साडेदहाला आडवे होणाऱ्याच्या मात्र थेट पापण्यांवर ऊन येते. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. डोळ्यांवर प्रकाश पडत राहिला, की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव दबतो, आणि त्याच वेळी दिवस वर येईल तसे अंगाचे तापमानही वाढत असल्यामुळे आतून जागे होण्याचीच तयारी चाललेली असते. रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी पडते ती यामुळे, आळशीपणा किंवा सवय नसणे यामुळे नव्हे. पहिले काही दिवस मी डोळ्यांवर पंचा बांधून झोपलो. तो काम देतो, पण उन्हाळ्यात घामाने भिजून सुटतो.

आवाजाची तक्रार त्याहून मोठी आहे. या जागेचे सारे वेळापत्रक रात्री झोपणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेले दिसते. अकरा वाजता दालनाबाहेर घंटा वाजते, खोलीभर बादल्या सरकू लागतात, फरशी पुसणारा मुलगा खिशातल्या मोबाइलवर गाणी लावतो आणि "पाय वर घ्या" असे नम्रपणे सांगत खाटेखाली फडका फिरवतो. पडद्यांची आणि या घंटेची तक्रार घेऊन मी एकदा व्यवस्थापकांकडे गेलो.

"अण्णा, अकरा वाजता कोण झोपतंय?" त्यांनी प्रामाणिक आश्चर्याने विचारले.

मी त्यांना दालनात नेले. चौदा खाटांपैकी नऊ खाटांवर माणसे झोपलेली, निदान झोपण्याचा प्रयत्न करीत असलेली होती. फाटकाच्या नोंदवहीत पाहिले, तर त्या आठवड्यातली निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके सकाळी सात ते अकरा या वेळेत आलेली निघाली. ज्या धंद्याची गिऱ्हाइके रात्रभर महामार्गावर असतात, तेथे साफसफाई संध्याकाळी किंवा पहाटे व्हावी की सकाळी अकराला, हे ठरवायला फार डोके लागू नये. व्यवस्थापक मात्र समजूतदार निघाले. एक दालन दिवसा झोपणाऱ्यांसाठी राखावे आणि तेथली सफाई संध्याकाळी सातनंतर करावी, ही माझी सूचना त्यांनी लिहून घेतली.

या जागेला मी पुन:पुन्हा का जातो, याचे उत्तर फाटकावरच्या वृद्ध रखवालदारात आहे. गाडी आत येताच तो नंबर, स्टेपनी, बॅटरी, ताडपत्रीच्या गाठी आणि डिझेलचा काटा वहीत उतरवतो आणि चालकाची सही घेतो. रात्री-बेरात्री डिझेल उपसले जाण्याची धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच या सहीची किंमत कळेल. सही झाली, की माझी मान उशीवर सैल पडते. गाडीची चावी त्याच्याकडेच खिळ्याला लावायची असते, आणि तेथे त्याचा एक नियम आहे. ठरल्या वेळी तो येतो, हाक मारीत नाही, काठीने खाटेच्या पायावर दोनदा टकटक करतो. जागा होताच मी चावी मागितली, तेव्हा त्याने ठाम नकार दिला. "उठल्या उठल्या चावी मागू नगा पाव्हणं. आधी तोंड धुवा, च्या घ्या, मग बघू." पंधरा-वीस मिनिटांशिवाय तो कोणालाही चावी देत नाही. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदू पुरता ताळ्यावर आलेला नसतो आणि तेवढ्या वेळात घेतलेला निर्णय पेंगुळलेल्या माणसाचाच असतो, असे झोपेचा अभ्यास करणारे सांगतात. रखवालदाराने ते कोठे वाचले असण्याची शक्यता कमी. त्याने फाटकातून बाहेर पडताना खांब घासणाऱ्या गाड्या पाहिल्या आहेत.

सामायिक दालन म्हटले की घोरणे आले. त्याला विश्रामगृह काय करणार? पण शेजारच्या खाटेवर नेहमी येणारे एक हैदराबाद मार्गावरचे चालक घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखे निपचित होत आणि मग दचकून मोठा श्वास घेत. आठ तास झोपूनही ते चहा घेताना जांभया देत असत. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार जाड मानेच्या, वजन वाढलेल्या, बैठे काम करणाऱ्या माणसांत, म्हणजे आमच्या व्यवसायात, बराच आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा, असा आग्रह मी त्यांना केला. अशा माणसाला दीडशे रुपयांची खाट पुरेशी पडणार नाही.

जेवणाची सोय नाही. स्वतः शिजवून घेण्यासाठी एक ओटा आणि पाणी आहे, चहा मिळतो, बाहेर मिसळीची गाडी लागते. तांबड्या रश्श्यावर ताव मारून लगेच आडवे झालेल्याला छातीतली जळजळ झोपू देत नाही, हे कोल्हापूरकराला पटवणे अवघड असले तरी खरे आहे. चहाचेही तसेच. त्यातल्या कॅफिनचा अर्धा भाग उतरायला पाचेक तास लागतात. म्हणून पहाटे तीनचा चहा मी घेतो आणि गाडी खाली होताना कारखान्याच्या फाटकावर मिळणारा नऊचा चहा नाकारतो. न्हाणीघरे स्वच्छ आहेत, संडास चार असून त्यांपैकी एकाची कडी मोडकी आहे.

असली जागा चालकाने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन शोधावी, हे मुळात योग्य आहे का, असे कोणी विचारील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात, जेथे चालकांना रात्रीचा मुक्काम करावा लागतो तेथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, दिवसाला आठ तासांहून अधिक काम नसावे, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा असावा आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे मिळावेत, अशा तरतुदी लिहिल्या गेल्या. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना तो लागू होता. माझ्यासारख्या एकट्या गाडीवाल्याचा मालकही मीच असल्यामुळे मला दटावणारे कोणी नाही, आणि पगारी चालकांना त्या नऊ तासांची आठवण कोणी करून दिल्याचे मी पाहिलेले नाही. पेट्रोलियम कंपन्यांनी महामार्गांवरच्या काही पंपांवर 'अपना घर' नावाने खाटा, न्हाणी आणि स्वयंपाकाच्या जागा सुरू केल्या आहेत; लांबच्या मार्गावर जाणाऱ्यांनी त्यांचीही चौकशी करावी.

माझ्या बाबतीत फरक असा पडला, की चार तासांची झोप साडेसहा तासांवर आली आणि कराड ते किणी हा पट्टा मला पुन्हा खूण न् खूण आठवू लागला. महिन्याकाठी सहाशे रुपयांच्या आसपास खर्च होतो. एका टायरच्या किमतीशी तो ताडून पाहिल्यावर पत्नीने पुढे काही विचारले नाही. फक्त डबा आता ती तिकडे पाठवते.

गेल्या मंगळवारी गेलो तेव्हा दिवसाच्या दालनाच्या दारावर "सायंकाळी ७ पर्यंत शांतता" अशी पाटी लागली होती आणि फरशी पुसणारा मुलगा बाहेर बाकावर गाणी ऐकत बसला होता. घंटा अजून वाजते, कारण ती दोन्ही दालनांना एकच आहे. तीन खिडक्यांना जाड निळे पडदे आले आहेत. चौथीला सध्या वर्तमानपत्र चिकटवलेले असून त्याचा वरचा कोपरा सुटला आहे, तेव्हा पुढचे काही आठवडे सकाळी जाणाऱ्यांनी सात क्रमांकाची खाट घेऊ नये. अकरा क्रमांकाची भिंतीला लागून, पंख्याखाली आणि दारापासून दूर आहे. ती मोकळी असेल तर तीच मागावी.