स्टडआर्ग हेडर: लॉगिंगला एक नंबर, बाकी कामाला जपून

सी भाषेत फंक्शनला किती आर्ग्युमेंट (त्याला पाठवलेल्या व्हॅल्यू) येणार हे आधी ठरलेलं नसेल तर स्टँडर्ड मार्ग एकच, स्टडआर्ग.एच (stdarg.h) हे हेडर, म्हणजे तयार व्याख्यांची फाइल. ते १९८९ च्या एन्सी स्टँडर्डपासून (सीचं अधिकृत प्रमाण) आहे. माझं मत आधीच सांगते, प्रिंटएफच्या (सीचं मजकूर छापणारं फंक्शन) धर्तीवर स्वतःचं लॉग फंक्शन (प्रोग्रामच्या नोंदी लिहिणारं) लिहायचंय तर बिनधास्त वापरा, बाकी ठिकाणी शक्यतो टाळाच.

वापर सोपा आहे. पॅरामीटरच्या शेवटी तीन टिंबं, आत व्हीए_लिस्ट (आलेल्या आर्ग्युमेंटची यादी), मग व्हीए_स्टार्टने ती सुरू करायची, व्हीए_आर्गने एकेक व्हॅल्यू काढायची आणि व्हीए_एंडने बंद करायची. लॉगरमधे तर व्हीए_आर्गही लागत नाही, लिस्ट सरळ व्हीप्रिंटएफला (यादी घेणारा प्रिंटएफ) देऊन मोकळं व्हायचं.

पण आर्ग्युमेंट किती आले, कुठल्या टाइपचे आले हे फंक्शनला कळायची काही सोयच नाही! तुम्ही जो टाइप मागाल तो समजून ते वाचतं आणि चुकलं की अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे कधी क्रॅश, कधी कचरा व्हॅल्यू, आणि कधी सगळं नीट चाललंय असं दिसतं, ते सगळ्यात डेंजर. शिवाय फ्लोट पाठवला की त्याचा डबल होतो, कॅरेक्टर आणि शॉर्टचा इंट, त्यामुळे आत मागताना डबल आणि इंटच मागायचे. यादीचा शेवट नलने (रिकामा पॉइंटर) करत असाल तर त्याला पॉइंटर टाइपमधे बदलूनच (कास्ट करून) पाठवा, कारण नल म्हणजे नुसता ० अशी व्याख्या असेल तर इंट जातो आणि ६४ बिट मशीनवर पॉइंटर मात्र ८ बाइटचा वाचला जातो.

लिस्ट दोनदा लागत असेल, म्हणजे आधी व्हीएसएनप्रिंटएफने (यादी घेऊन मजकूर स्ट्रिंगमधे लिहिणारं फंक्शन) लांबी मोजायची आणि मग लिहायचं, तर व्हीए_कॉपी (यादीची प्रत काढणारं) हवंच, ते सी९९ मधे (१९९९ चं स्टँडर्ड) आलं. नुसत्या बरोबरच्या चिन्हाने (=) प्रत करायला जाऊ नका, काही प्लॅटफॉर्मवर लिस्ट हा ॲरे असतो, कंपाइलच होणार नाही.

जीसीसी किंवा क्लँग कंपाइलर असेल तर फंक्शनला फॉरमॅट ॲट्रिब्यूट (प्रिंटएफसारखी फॉरमॅट तपास अशी कंपाइलरला सूचना) लावाच लावा, मग टाइप जुळला नाही की वॉर्निंग मिळते, माझी शिफारस खरं तर याच्याच जोरावर आहे. आणि युजरकडून आलेली स्ट्रिंग फॉरमॅटच्या जागी कधीच द्यायची नाही, त्यात टक्के-एन (%n) असेल तर मेमरीत लिहिलं जातं, सरळसरळ सिक्युरिटी होल.

सगळ्या व्हॅल्यू एकाच टाइपच्या असतील तर ॲरे आणि त्याची लांबी पाठवा, कंपाइलर टाइप तपासतो.