सेव्ह स्टेट भारी भारी म्हणत आठ महिने काढले, आणि 500 एमबीच्या बूटनं नाक कापलं

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरा, नकली कॉम्प्युटर म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू 22.04 (फुकटातली लिनक्स सिस्टीम) चालवालोय त्याला आठ महिने झाले. मध्यंतरी याचं कौतुक लिहायचं ठरवलं होतं, राहून गेलं ते बरंच झालं, कारण गेल्या मंगळवारी गडी उठलाच नाही. काळी स्क्रीन, कर्नल पॅनिक (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोच अडला), आणि खाली ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)’, म्हणजे मुख्य डिस्कच सापडेना. काउंटरवर बेळगावातल्या अनगोळचे एक काका कागदांची पिशवी घेऊन उभे. "व्हतंय न्हवं आज?" म्हटलं हो काका, दहा मिनटं. त्या दहा मिनटाची रात्र झाली.

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जाचं दुकान. विंडोज सोडता येत नाही, नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि प्रिंटर दोन्ही त्याच्यावरच. उबुंटू घातला तो फक्त टेसरॅक्टसाठी (स्कॅनमधला मजकूर वाचून टाईप करून देणारा प्रोग्राम), कारण बेळगावातली कुठलीही जुनी फाईल उघडा, 1956 च्या आधीचे, मुंबई राज्याच्या वेळचे बरेच कागद मराठीत आणि नंतरचे बरेच कन्नडात. टेसरॅक्टला दोन्ही भाषा एकदम सांगता येतात, छापील असेल तर बरं वाचतं, हातानं लिहिलेलं असेल तर नशीब.

लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी वीस मिनटं. पावसाळ्यात लाईट गेली की मी लगेच सेव्ह स्टेट (व्हीएम आहे तसा गोठवून ठेवायचा) मारायचो, आली की काम होतं तिथनंच चालू. मग रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पण तेच. येईल त्याला सांगायचो, शटडाऊन करूच नका, टाईम वाया. इथंच माती खाल्ली.

सेव्ह स्टेटवरनं उठवणं म्हणजे रीबूट न्हवे, कर्नल तोच जुना चालू राहतोय. नवीन कर्नल मात्र अपडेटमधनं आपोआप येऊन बसालेत. युनेम डॅश आर (चालू कर्नल दाखवणारी कमांड) मारून बघितलं असतं तर कळलं असतं की मी अजून फेब्रुवारीतल्या कर्नलवरच बसलोय, पण कोण बघतंय. एपीटी (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं) जुने कर्नल काढतंय, पण चालू असलेल्याला हात लावत नाही आणि नव्यातले दोन राखतंय. म्हणजे माझ्याकडं कायम तीन. एकेकाचं इनिटआरडी (बूट होताना कर्नलला लागणारी फाईल) शंभर एमबीच्या वर, आणि मी शहाण्यानं 25 जीबीच्या डिस्कमध्ये बूटचं (कर्नल ठेवायच्या फोल्डरचं) वेगळं पार्टिशन केलेलं, तेपण 500 एमबीचं, जागा वाचवायला. चौथा कर्नल आला आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मी डीएफ डॅश एच (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारून रूटची (मुख्य डिस्कची) ओळ बघितली, नऊ जीबी मोकळी, म्हटलं खोटं बोलालंय. बूटची ओळ त्याच्या खालीच होती हो, 100 टक्के म्हणून.

त्यावर कहर म्हणजे कुठंतरी वाचून अपडेट-ग्रब (ग्रब म्हणजे बूट होताना कर्नल निवडणारा मेनू, त्याची यादी नवीन करणारी कमांड) मीच हातानं मारलं. ग्रबनं इनिटआरडी नसलेला अर्धवट कर्नल उचलून सगळ्यात वर ठेवला. मंगळवारी सहा महिन्यात पहिल्यांदा नीट शटडाऊन केलं आणि पुढचं वर लिहिलंयच.

एका रिपेअरवाल्याला फोन केला, न बघताच म्हणाला फॉरमॅट मारून नवीन टाकतो, सातशे द्या. सातशे रुपयात पाव पाव किलोचे किती कुंदे येतात याचा हिशोब मनात करत फोन ठेवला.

शेवटी फुकटातच झालं. व्हीएमच्या खिडकीत क्लिक करून शिफ्ट दाबून धरायचा (क्लिक नाही केलं तर शिफ्ट विंडोजलाच जातोय, यात माझा पाऊण तास गेला), ग्रबच्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं वरून दुसरा कर्नल. उठला! मग एपीटी ऑटोरिमूव्ह (नको ते कर्नल काढणारी कमांड) मारलं तर अर्धवट पॅकेज आहे म्हणून अडून बसलं. म्हणून डीपीकेजीनं (एपीटीच्या खालचं हत्यार) थेट फेब्रुवारीवाला पर्ज केला (मुळापासनं काढला), इमेज आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही त्याची दोन पॅकेजेस एकाच ओळीत, कारण एकटी इमेज काढायला गेलं की मॉड्यूल्स-एक्स्ट्रा तिच्यावर अवलंबून आहे म्हणून सोडत नाही. जागा झाली, डीपीकेजी कॉन्फिगर डॅश ए (अर्धवट राहिलेलं पुरं करणारी कमांड), इनिटआरडी बनलं, रीबूट, सरळ नव्या कर्नलवर.

म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला दिवसभर घातलेल्या शिव्या मला परत घ्याव्या लागाल्यात. सेव्ह स्टेट अजूनपण वापरतोय, पण लाईट गेली तरच. शनिवारी स्नॅपशॉट (बिघडलं तर मागं यायला व्हीएमची नोंद) घेऊन अपडेट आणि रीबूट, सगळं नीट उठलं की स्नॅपशॉट डिलीट, नाहीतर तो फुगत फुगत विंडोजची डिस्क खातोय.

आणि व्हीएममध्ये बूट वेगळं ठेवायची मला तरी काही गरज न्हवती. रविवारी त्यातलं सगळं रूटमध्ये कॉपी केलं, एफएसटॅबमधली (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्या यादीतली) ओळ बंद केली, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब मारलं, झालं. काकांचे कागद पण झाले, त्यांनी तीस रुपयाचे पंचवीसच दिले, उशीर झाला म्हणून. 500 एमबीचं ते पार्टिशन मात्र अजून रिकामं पडून आहे, मोडायला हात होईना.