पंधरा दिवसांत हरकत आली नाही, म्हणून मी पैसे दिले

आकडा आधी सांगतो, कारण नातेवाइकांत त्याचे चार-पाच प्रकार फिरतायत. जमीन घेण्याच्या व्यवहारात माझे 5,71,800 रुपये गेले. त्यातले 25,000 परत आले, आणि ते आल्यामुळे उलट माझीच बाजू पडली. ते पुढे येईलच.

सोलापूर जिल्ह्यात सासुरवाडीच्या शेजारच्या गावात दीड एकर जमीन बघितली होती. सामाईक विहिरीत आठ आणे हिस्सा, गाडीवाट बांधापर्यंत. किंमत 18 लाख ठरली. निवृत्तीचे पैसे हातात होते, वडिलांच्या जमिनीमुळे शेतकरी असल्याचा दाखला होता. सातबारा मी स्वतः 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. त्यावर जमीन देणाऱ्याचं एकट्याचं नाव. कर्जाचा बोजा नाही. "एवढा शिकलेला माणूस, फसलाच कसा" म्हणणाऱ्यांना सांगतो, मी डोळे झाकून गेलो नव्हतो. 29 डिसेंबर 2024 ला 51,000 विसार दिला तोसुद्धा "जाहीर नोटीस देऊ, हरकत आली नाही तरच पुढे" या अटीवर. ही अट मीच घातली होती. तिचाच वापर करून मला बुडवलं, हा राग अजून जात नाही.

नोटीस कुठे द्यायची, हे एजंटानं ठरवलं. मी विचारलं, दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत द्यायची का? तो म्हणाला, "दाजी, तिथं साडेचार हजार मागत्यात. आपल्या तालुक्याचं साप्ताहिक हाय की. रजिस्टर पेपर हाय, कोर्टात चालतंय. दीड हजारात वकिलासकट करून देतो." तीन हजार वाचले म्हणून मी बरं म्हटलं. वकीलही त्यानंच आणला, त्या वकिलाला मी कधी भेटलोसुद्धा नाही. तुमच्या नोटिशीचा वकील तुमचा असला पाहिजे. एजंटाच्या ओळखीचा नको, देणाऱ्याच्या ओळखीचा तर नकोच.

तालुक्याची साप्ताहिकं कशी असतात ते गावाकडच्या माणसाला माहीत असतं. चार पानं. पहिल्यावर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, आत पुण्यस्मरण, नावात बदल, ग्रामपंचायतीची निविदा, आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात जाहीर नोटिसा. काही साप्ताहिकं खरंच वाचली जातात. मी लहान असताना आमच्या गावात असं एक होतं, पारावर बसून मोठ्यानं वाचायचे. पण काही फक्त जाहिरातदाराला अंक दाखवता यावा एवढ्यापुरती निघतात. माझी नोटीस असल्या साप्ताहिकात गेली.

शुक्रवारी 10 जानेवारी 2025 ला ती आली. "तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमच्या अशिलांनी कायम खूश खरेदी घेण्याचे ठरविले असून, सदर मिळकतीवर कोणाचाही वारसा, गहाण, दान, पोटगी अगर अन्य हक्क असल्यास 15 दिवसांचे आत लेखी कळवावे, न पेक्षा तो हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल." गट नंबर बरोबर, चतुःसीमा बरोबर. मला किती धीर आला होता ते वाचून.

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, मी एजंटाच्या खोलीवर गेलो. पंधरा दिवस उलटले होते. मूळ अंक मला फाईलला लावायला हवा होता. त्यानं कपाटामागून अंकांचा एक गठ्ठा ओढून काढला. सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेला. वर धूळ. खिशातल्या चावीनं त्यानं सुतळी कापली, वरचा अंक बाजूला ठेवला, दुसरा मला दिला. "घ्या दाजी, एकबी हरकत न्हाई."

तो गठ्ठा सुटलाच नव्हता. ज्या अंकातून तमाम लोकांना कळवलं होतं, तो अंक पंधरा दिवस बांधलेला पडून होता, एजंटाच्या कपाटामागे. मी समोर उभा राहून सुतळी कापलेली बघितली, त्यानं दिलेला चहा प्यालो आणि अंक घेऊन आलो. हरकत कुठून येणार? आजही रात्री जाग आली की पहिली ती सुतळी दिसते. त्या क्षणी एवढं विचारलं असतं, की बाबा, हे अंक वाटायचे का राहिले, तर पुढचे पाच लाख माझ्याकडे असते.

दुसऱ्या दिवशी, 27 जानेवारीला, 500 च्या मुद्रांकावर नोटरीपुढे विसारपावती झाली. 3,00,000 बँकेतून, 2,00,000 रोख. एजंटाला 18,000. मुद्रांक आणि नोटरीचे 1,300. वकील-नोटिशीचे 1,500 आधीच गेले होते.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी कुंपणाचं माप घ्यायला गेलो, तर बांधावर एक मुलगा येऊन उभा राहिला. देणाऱ्याचा भाचा. म्हणाला, "काका, ह्या जमिनीवर आमच्या आईचा दावा चालू आहे. सप्टेंबरपासून." वाटपाचा दावा. देणाऱ्याला समन्स मिळालेलं होतं, त्याचा वकीलही हजर झाला होता. म्हणजे माझ्याकडून विसार घेताना त्याला सगळं ठाऊक होतं.

देणाऱ्याला दोन बहिणी. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला होता, "त्यांनी कवाच सोडलंय, दिवाळीला साडीचोळी करतो मी." माझ्या स्वतःच्या बहिणींनी काही न मागता हक्कसोड करून दिलं होतं, म्हणून मला ते पटलं. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, तोंडी चालत नाही. बापाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासून वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीनं तिला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. सातबाऱ्यावर भावाचं एकट्याचं नाव असल्यानं यातलं काहीच बदलत नाही. जुना फेरफार, म्हणजे नाव लागल्याची नोंद, नंतर काढला, तर त्यात अक्षरं होती: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकट्याचं असलं तरी ते साऱ्या कुटुंबाच्या वतीनं. ही अक्षरं दिसली तर तिथेच थांबा. सातबारा घेऊन भागत नाही, त्यावरचा एकेक फेरफार काढून वाचा.

थोरल्या बहिणीला मी बार्शीला जाऊन भेटलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "आम्ही रोज दैनिक घेतो. आमचे हे शेवटचं पान पहिल्यांदा बघतात, दाव्यामुळंच. त्यात आलं असतं तर दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलाकडं असतो." त्यांच्या घरी ते साप्ताहिक कधीच आलेलं नव्हतं. एजंटाला हे माहीत होतं. तीन हजार रुपये वाचवतोय असं मला वाटत होतं. त्यानं ते साप्ताहिक निवडलं होतं नोटीस बहिणींच्या नजरेपासून लांब ठेवण्यासाठी.

आता पुढचे हाल. साप्ताहिकाच्या संपादकांनी अंकाच्या तळाची ओळ दाखवली: जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. मी म्हटलं, मजकूर राहू द्या, अंक वाटला का तेवढं सांगा. "नोटीस छापून आलीय ना? पैसे छपाईचे घेतले." नोंदणी कार्यालयात सांगितलं, आमचं काम दस्त नोंदवायचं, मालकी तपासायचं नाही, आणि तुमचा तर दस्तच नोंदवलेला नाही. तलाठी भाऊसाहेब सलग तीन वेळा भेटले नाहीत, चौथ्यांदा भेटले आणि म्हणाले, कोर्टात दावा आहे, मी काय बोलणार.

पोलीस ठाण्यात पाच फेऱ्या झाल्या. पुण्याहून, एसटीनं, प्रत्येक वेळी एक दिवस. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. तिसऱ्यांदा "दिवाणी बाब आहे काका, कोर्टात जा." मी म्हटलं, दावा चालू असल्याचं लपवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेतलं 318 कलम मी लिहूनच नेलं होतं. त्यावर मलाच प्रश्न, "दोन लाख रोख कसे दिले? जमिनीच्या व्यवहारात वीस हजारांवर रोख चालत नाही, माहीत नाही का?" म्हणजे चोर राहिला बाजूला, मी मान खाली घालून बसलो. रोख देऊ नका. देणारा रोख मागतो, तेव्हा तो तुमचं तोंड बंद करायची सोय करत असतो.

आणि ते 25,000. चौथ्या फेरीनंतर देणाऱ्यानं माझ्या खात्यावर पाठवले. मला वाटलं, घाबरला. पाचव्या फेरीत हवालदार म्हणाले, "पैसे परत करतोय की तो. मग फसवायचा हेतू कुठं?" कुणीतरी त्याला शिकवलं होतं. मला मात्र कुणी शिकवलं नव्हतं, की असे तुटक पैसे येताच लेखी कळवायचं असतं: ही अंशतः रक्कम मिळाली, तक्रार कायम आहे. शेवटी अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवला. पोच आली, उत्तर नाही. आता वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटपुढे जातोय. या वेळी वकील मी स्वतः शोधला.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय निवडून देणाऱ्याचं नाव टाकलं की चालू दावे दिसतात. एक पैसा लागत नाही. मी हे मार्चमध्ये केलं, डिसेंबरमध्ये करायला हवं होतं. नाव दोन-तीन प्रकारे लिहून बघा, आडनावाचं स्पेलिंग बदलतं. नोटीस द्यायचीच तर ज्या गावांत देणाऱ्याच्या बहिणी, चुलते, भाऊबंद राहतात तिथे रोज पोचणाऱ्या दैनिकात द्या, आणि बहिणींच्या घरी स्वतः जाऊन या. शिवाय पंधरा दिवसांत हरकत आली नाही म्हणून कुणाचा हक्क संपतो, असं कायद्यात कुठेही नाही. ते फक्त नोटिशीत लिहिलेलं असतं. विसारपावती नोंदवून घ्या. नोटरीवर भागवू नका.

गेल्या महिन्यात मेहुण्यानं त्याच साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. त्याच वकिलाचं नाव, तीच भाषा, गट नंबर दुसरा, शेजारच्या गावचा. घेणारा कोण ते नोटिशीत नाही, नुसतं "आमचे अशील". सोलापूर जिल्ह्यात सध्या जमीन घेत असाल आणि तुमची नोटीस एजंटानं साप्ताहिकात दिली असेल, तर ते अशील तुम्ही असू शकता. पंधरा दिवस अजून व्हायचे असतील, तर उरलेली रक्कम देऊ नका.